डीएसएसपी आणि त्याची भावंडं: प्रोटीनमधला हेलिक्स नेमका कुठे संपतो ते सांगणारी सॉफ्टवेअर्स, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घाई असेल त्यांनी एवढंच वाचून निघालं तरी चालेल: हातात प्रोटीनचं स्ट्रक्चर (त्रिमितीय रचना) असेल तर डीएसएसपी, नुसता सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) असेल तर सायप्रेड, आणि दोघांचं आउटपुट शेजारी शेजारी ठेवून "हे जुळत का नाही" म्हणून गाईडचं डोकं खायचं नाही, कारण ते पूर्ण जुळणार नाहीच आणि का जुळणार नाही हे खाली येईल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण या विषयावर मराठीत कुणी धड लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, आणि एमएस्सी बायोइन्फॉर्मॅटिक्सची पोरंपोरी दरवर्षी तेच तेच प्रश्न घेऊन येतात.

आधी प्रश्न काय आहे ते. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, ती घडी पडून बसते, आणि घडी पडताना काही ठरावीक आकार पुन्हा पुन्हा येतात. एक अल्फा हेलिक्स, ज्यात साखळी गोल गोल वळत वर जाते, एका वळशाला ३.६ रेसिड्यू (रेसिड्यू म्हणजे साखळीतलं एकेक अमिनो आम्ल) आणि वळशाची उंची ५.४ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक), आणि दुसरा बीटा शीट, ज्यात साखळीचे ताणलेले तुकडे, म्हणजे स्ट्रँड, एकमेकांना खेटून सरळ किंवा उलट दिशेने बसतात. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्येच हेलिक्स कागदावर मांडला होता, तेव्हा एकाही प्रोटीनचं त्रिमितीय स्ट्रक्चर कुणी पाहिलेलं नव्हतं, हे आठवलं की मला अजूनही भारी वाटतं. या आकारांनाच सेकंडरी स्ट्रक्चर म्हणतात.

आता अडचण अशी की पीडीबीच्या (प्रोटीनची स्ट्रक्चर साठवणारा जगभरचा डेटाबेस) फाइलमध्ये मुळात असतात ते अणूंचे एक्स, वाय, झेड. हेलिक्स इथून तिथपर्यंत अशा ओळी वर दिलेल्या असतात खऱ्या, पण त्या कुणीतरी माणसाने नाहीतर कुठल्यातरी प्रोग्रॅमने ठरवून लिहिलेल्या असतात, अणू स्वतः काही सांगत नाहीत. पूर्वी क्रिस्टलोग्राफर, म्हणजे क्रिस्टलवर एक्स-रे टाकून स्ट्रक्चर काढणारी मंडळी, मॉडेलकडे बघून डोळ्यांनी ठरवायची, एकाला जिथे हेलिक्स संपला असं वाटायचं तिथे दुसऱ्याला अजून दोन रेसिड्यू चालू आहे असं वाटायचं. मधल्या भागाबद्दल भांडण कुणाचंच नसतं. आंबा घाट उतरताना देश कुठे संपला आणि कोकण कुठे लागलं हे दहा जणांना विचारा, दहा जण दहा वळणं दाखवतील, पण साखरप्याला पोचल्यावर कोकणात आलो याबद्दल सगळ्यांचं एकमत, तसलाच प्रकार.

डीएसएसपीने काय केलं तर हे भांडण नियम लावून मिटवलं. १९८३ साली वोल्फगांग काब्श आणि ख्रिस सँडर या हायडेलबर्गच्या दोघांनी ते आणलं, तेव्हा पास्कलमध्ये लिहिलेलं होतं. (हे काब्श म्हणजे तेच, दोन स्ट्रक्चर एकमेकांवर बसवून आरएमएसडी (दोघांत सरासरी किती अंतर पडतं ते) काढायची जी पद्धत आपण रोज वापरतो ती त्यांचीच, १९७६ ची. काही माणसं एवढं काम करून ठेवतात की पुढच्या पिढ्यांना नाव माहीत नसताना ती वापरावी लागतात.) त्यांच्या पहिल्या यादीत ६२ प्रोटीन होते, आज पीडीबीत दोन लाखांच्या वर स्ट्रक्चर आहेत आणि मूळ नियम जवळपास तेच आहेत.

नियम बघा किती साधा आहे. एका रेसिड्यूच्या कार्बोनिलचे सी आणि ओ, दुसऱ्याच्या अमाइडचे एन आणि एच, या चार अणूंवर ठरावीक चार्ज धरायचे, त्यांच्यातली चार अंतरं मोजायची, छोटंसं सूत्र लावायचं आणि उत्तर उणे ०.५ किलोकॅलरी प्रति मोलच्या खाली गेलं की हायड्रोजन बाँड (साखळीचे भाग एकमेकांना धरून ठेवणारी हलकी ओढ) आहे, नाही गेलं तर नाही. एक्स-रेच्या स्ट्रक्चरमध्ये हायड्रोजन बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून त्याची जागा आधीच्या रेसिड्यूच्या सी-ओ बाँडच्या दिशेवरून काढायची आणि एनपासून १ अँगस्ट्रॉमवर ठेवून द्यायचा. चांगला धडधाकट बाँड उणे ३ च्या आसपास येतो, त्यामानाने ०.५ ची अट बरीच सैल आहे, सगळं अगदी सरळ रेषेत असेल तर एन आणि ओ मधलं अंतर ५.२ अँगस्ट्रॉम असलं तरी हा प्रोग्रॅम बाँड धरतो. मुद्दाम सैल ठेवलीय, कारण स्ट्रक्चरमध्ये चुका असतात आणि एकाच हायड्रोजनला दोन ओ वाटून घेतात अशाही जागा असतात.

एकदा बाँड ठरले की पुढचं सगळं पॅटर्न शोधणं. एखाद्या रेसिड्यूचा ओ त्याच्या पुढच्या चौथ्याच्या एनएचला धरून असेल तर एक वळण, आणि अशी दोन वळणं लागोपाठ आली की अल्फा हेलिक्स, त्याचं अक्षर एच. तिसऱ्याला धरलं तर थ्री-टेन हेलिक्स, अक्षर जी. पाचव्याला धरलं तर पाय हेलिक्स, अक्षर आय. स्ट्रँडना ई, एकट्यादुकट्या ब्रिजला बी, वळणाला टी, आणि एस हे एकच जुनं अक्षर असं की ज्याचा हायड्रोजन बाँडशी संबंध नाही, साखळी तिथे ७० अंशांपेक्षा जास्त वाकलीय एवढंच ते सांगतं. उरलेल्याला काहीच नाही, रिकामी जागा. चौथ्या व्हर्जनपासून पी नावाचं अजून एक अक्षर आलंय, पॉलिप्रोलीन हेलिक्ससाठी, हाही बाँडवर नाही तर फाय-साय कोनांवर (साखळी त्या रेसिड्यूपाशी कशी पिळलीय ते सांगणारे दोन कोन) ठरतो.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायला क्रॅम्बिन घ्या, पीडीबी आयडी १सीआरएन. हे एका तेलबियांच्या झाडाच्या बीमधलं इवलंसं प्रोटीन, ४६ अमिनो आम्लं, डोळ्यांनी सगळं तपासता येतं म्हणून शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. फाइल उघडलीत की वरच्या हेलिक्सच्या ओळीत पहिला हेलिक्स दिलाय आयसोल्युसीन ७ ते प्रोलीन १९, आणि शेजारी शेरा मारलाय की १७ ते १९ चा भाग थ्री-टेनसारखा आहे. म्हणजे ज्यांनी स्ट्रक्चर काढलं त्यांना दिसत होतं की शेवटाकडे हेलिक्सचा पीळ बदलतोय, तरी त्यांनी तो हेलिक्समध्येच धरला आणि प्रामाणिकपणे शेरा लिहून ठेवला. तेच डीएसएसपीला द्या, ७ पासून एच सुरू होतो, १७ ला थांबतो आणि १८, १९, २० वर टी. मग हेलिक्स तेरा रेसिड्यूंचा की अकरा? पोरं विचारतात की यातलं बरोबर कुठलं. दोन्ही. एकाने डोळ्यांनी आकार बघितला, दुसऱ्याने बाँड मोजले. स्ट्रँडचं तर अजून गमतीदार आहे, फाइलमध्ये १ ते ४ आणि ३२ ते ३५ असे चार-चार रेसिड्यूंचे दोन स्ट्रँड, डीएसएसपी त्यातले मधले दोन-दोनच ई म्हणून मान्य करतं. ऐकायला फरक थोडा वाटतो पण टक्केवारीत काढलात तर शीटचं प्रमाण थेट निम्म्यावर येतं! छोट्या प्रोटीनवर पेपर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, रिव्ह्यूअर विचारतो.

आणि क्रॅम्बिनमध्येच अजून एक नग बघायला मिळतो, जो भल्याभल्यांच्या स्क्रिप्ट पाडतो. यात सहा सिस्टीन आहेत आणि सहाच्या सहा डायसल्फाइडमध्ये (दोन सिस्टीनमधला गंधकाचा जोड) जोडलेल्या. डीएसएसपीच्या जुन्या फॉरमॅटमध्ये अशा सिस्टीनला नेहमीचं मोठं सी अक्षर देत नाहीत, जोडीला एक छोटं अक्षर देतात, पहिल्या जोडीला छोटा ए, दुसरीला छोटा बी, तिसरीला छोटा सी. म्हणजे अमिनो आम्लाच्या कॉलममध्ये सिस्टीन शोधायला गेलात तर मोठं सी एकही नाही, आणि स्क्रिप्टने सरळ सगळं मोठ्या लिपीत केलं तर छोट्या ए ची अॅलॅनिन झाली! एरर येत नाही, काही नाही, गुपचूप चुकीचा सिक्वेन्स घेऊन पुढे जातं. मान्य, आयडिया चांगली आहे, कुठली सिस्टीन कुणाशी जोडलीय ते एका नजरेत कळतं, पण १९८३ मध्ये माणसं प्रिंटआउट वाचत होती आणि आता पायथन वाचतं.

फॉरमॅटबद्दल बोलतेच आहे तर पूर्ण बोलून घेते. लूपसाठी, म्हणजे हेलिक्स-स्ट्रँड सोडून उरलेल्या भागासाठी, रिकामी जागा हा सगळ्यात मोठा वैताग. ओळ स्पेसवर तोडायची सवय असते सगळ्यांना, इथे ते चालत नाही, कॉलम मोजून अक्षर काढावं लागतं. साखळी तुटलेली असेल तिथे अमिनो आम्लाच्या जागी उद्गारचिन्ह येतं, तेही रेसिड्यू म्हणून मोजलं जातं आणि मग तुमचा नंबर एकाने सरकतो. बायोपायथनचं (पायथनची जीवशास्त्रासाठीची लायब्ररी) मॉड्यूल रिकाम्या जागेला डॅश करून देतं त्यामुळे बराच त्रास वाचतो, नवीन माणसाने स्वतः पार्सर लिहायच्या भानगडीत पडू नये, पण ते मॉड्यूल आतून डीएसएसपीलाच हाक मारतं, त्यामुळे प्रोग्रॅम आधी मशीनवर पाहिजेच.

आणि इन्स्टॉल केल्यावरची कटकट वेगळी. चौथं व्हर्जन मुळात एमएमसिफ (पीडीबीचा नवा फॉरमॅट) फाइलींसाठी बनवलंय. मॉडेलिंगच्या किंवा सिम्युलेशनच्या (प्रोटीनची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या) सॉफ्टवेअरमधून काढलेली पीडीबी फाइल दिलीत की तिच्यात वरची हेडरची ओळ नसते, क्रिस्ट१ ची (क्रिस्टलच्या सेलच्या मापांची) ओळ नसते, आणि मग हे तोंड फिरवतं. उपाय सोपा आहे, त्या ओळी खोट्या का होईना टाकून द्यायच्या, सेकंडरी स्ट्रक्चरला क्रिस्टलच्या सेलशी काही देणंघेणं नाही, पण हे एरर मेसेज वाचून कुणाला कळत नाही, सीनियरला विचारूनच कळतं. आउटपुटही आता आपोआप एमएमसिफमध्ये येतं, जुना कॉलमवाला फॉरमॅट पाहिजे असेल तर तसा ऑप्शन द्यावा लागतो, नाहीतर जुनी स्क्रिप्ट मुकाट्याने शून्य हेलिक्स सांगते. फॉरमॅट बदलला ते बरोबरच केलं हं, जुन्यात मोठी स्ट्रक्चर मावतच नव्हती, रायबोसोमसारखं काही आलं की कॉलम ओसंडून जायचे. फक्त बदलाची किंमत आपण भरतोय.

व्हर्जनचा अजून एक मुद्दा जो खरोखर विज्ञानाचा आहे. जुन्या डीएसएसपीत अल्फाला पाय हेलिक्सपेक्षा आधी मान होता, म्हणजे एकाच जागेवर दोन्हींचा हक्क असेल तर अल्फा जिंकायचा आणि पाय हेलिक्स दिसायचेच नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे समजत होते की पाय हेलिक्स फार दुर्मीळ. २०१२ च्या सुमारास २.१ व्हर्जनमध्ये क्रम बदलला, पायला आधी मान मिळाला आणि लांब हेलिक्सच्या मध्ये छोटे छोटे पाय हेलिक्स दिसायला लागले, जे बऱ्याचदा एन्झाइमच्या कामाच्या जागेजवळ असतात. प्रोटीन तेच, अणू तेच. म्हणून मेथड्समध्ये नुसतं "डीएसएसपी वापरलं" एवढं लिहून भागत नाही, व्हर्जन लिहा, आणि जुन्या पेपरमधले आकडे उचलून स्वतःच्या आकड्यांशी तुलना करताना आधी बघा की दोघांचं व्हर्जन कुठलं.

सिम्युलेशनवाल्यांसाठी वेगळी सूचना. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून डीएसएसपी आतच दिलंय, पूर्वीसारखं बाहेरून बसवून रस्ता दाखवायची गरज नाही, ही मोठी सोय झालीय. सिम्युलेशनचं आउटपुट तपासायच्या एमडीट्रॅजमध्येही स्वतःचं आहे. पण उणे ०.५ ची रेघ म्हणजे रेघ, एका फ्रेममध्ये बाँड उणे ०.५१, पुढच्यात उणे ०.४९, की लगेच एच चा टी, परत एच, आणि तुमच्या रंगीत पट्ट्यांच्या चित्रात हेलिक्सच्या टोकाला भिरभिर दिसायला लागते. ते बघून "हेलिक्स उलगडतोय" अशी गोष्ट रचायची नाही. हेलिक्स उलगडतो तेव्हा मधले बाँड सलग जातात आणि परत येत नाहीत. ही कडक रेघ खटकली म्हणूनच २००२ मध्ये डीएसएसपीकाँट नावाची आवृत्ती आली होती, ती वेगवेगळ्या रेघा लावून सरासरी काढायची, म्हणजे "हा रेसिड्यू इतका टक्के हेलिक्स" असं उत्तर. मला कल्पना फार आवडते, पण बाकी सगळं जग एका अक्षरात उत्तर मागतं त्याला काय करणार.

आता भावंडं. स्ट्राइड, १९९५, फ्रिशमन आणि आर्गोस, तेही हायडेलबर्गचेच, यांनी विचार केला की नुसत्या बाँडवर जाऊ नका, फाय आणि साय कोनही बघा, म्हणजे रामचंद्रन प्लॉटवर रेसिड्यू कुठे बसतो ते. (जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६३ मध्ये मद्रासला बसून काढला, आज जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये स्ट्रक्चर तपासायचं तर पहिलं तेच चित्र उघडतात, आणि आपल्या कितीतरी कॉलेजांत तो दोन मार्कांच्या टीपेत उरकतात, असो.) स्ट्राइडने आपले आकडे असे बसवले की क्रिस्टलोग्राफर डोळ्यांनी जे ठरवतात त्याच्याशी जास्तीत जास्त जुळावं. त्यामुळे त्याचं उत्तर चित्र बघताना पटतं, टोकाकडचा एखाददुसरा रेसिड्यू जिथे डीएसएसपी सोडून देतं तिथे स्ट्राइड बऱ्याचदा धरून ठेवतं. आउटपुट वाचायला तर डीएसएसपीपेक्षा कितीतरी सुखाचं, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कसली ओळ आहे त्याचं तीन अक्षरी लेबल, आणि अक्षराशेजारी "अल्फाहेलिक्स", "स्ट्रँड" असं पूर्ण नाव, रिकाम्या जागांचा खेळ नाही. व्हीएमडी या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जे कार्टून (हेलिक्स-स्ट्रँडचं सोपं चित्र) बघता ते आतून स्ट्राइडच ठरवतं, म्हणजे न कळत सगळ्यांनी वापरलंय. तोटा एवढाच की जुन्या पीडीबी फॉरमॅटच्या जमान्यातलं आहे, मूळ प्रोग्रॅमला एमएमसिफ कळत नाही, आणि मोठी स्ट्रक्चर आता तेवढ्याच फॉरमॅटमध्ये येतात. नियमही डीएसएसपीसारखे दोन ओळींत सांगता येत नाहीत, आकड्यांवरून बसवलेले आहेत, तोंडी परीक्षेत "इथे हेलिक्स का थांबला" विचारलं तर डीएसएसपीवाला बाँड दाखवून मोकळा होतो आणि स्ट्राइडवाला अडखळतो. माझ्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे आणि डीएसएसपीला पहिला नंबर देते तो यासाठीच.

पायमॉल या स्ट्रक्चरची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं डीएसएस हे डीएसएसपी नाही, नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून गल्लत होते. ते कार्टून देखणं दिसावं याकडे जास्त लक्ष देऊन बनवलंय, चित्रासाठी बिनधास्त वापरा, तक्त्यासाठी नको.

एक भारतीय नावही सांगायलाच पाहिजे, एएसएसपी, बंगळुरूच्या आयआयएस्सीमधल्या मंजू बन्सल यांच्या ग्रुपचं, २०१५ चं. हे हायड्रोजन बाँड बघतच नाही, फक्त सी-अल्फा (प्रत्येक रेसिड्यूचा मधला कार्बन) अणूंच्या मागावरून साखळी किती पीळ घेतेय आणि एका रेसिड्यूला किती वर सरकतेय ते मोजतं. अल्फा हेलिक्सला साधारण १०० अंश पीळ आणि १.५ अँगस्ट्रॉम सरकणं, यापेक्षा वेगळं आलं की हेलिक्स बदलला. कमी रिझोल्यूशनच्या मॉडेलमध्ये कधी कधी सी-अल्फाच दिलेले असतात, तिथे डीएसएसपी पूर्ण बॅकबोन (साखळीचा कणा) नाही म्हणून ते रेसिड्यू सरळ गाळून टाकतं आणि या जातीचे प्रोग्रॅम तेवढ्यावरही काम करतात. लांब हेलिक्सच्या आत कुठे अल्फाचा थ्री-टेन झाला, कुठे पाय झाला हे शोधायला हे चांगलं. रोजच्या वापरात लोकांना माहीतच नाही, नाव इतकं सारखं ठेवलंय की सर्च केलं तरी भलतंच येतं, ते जरा वेगळं ठेवायला हवं होतं.

आता सिक्वेन्सवाले. इथे काम पूर्ण वेगळं, स्ट्रक्चर नाहीच, नुसत्या अक्षरांवरून अंदाज. १९७४ मध्ये चाऊ आणि फासमन यांनी कुठलं अमिनो आम्ल हेलिक्समध्ये किती रमतं याचे आकडे काढून सुरुवात केली, परीक्षेला अजून तेच विचारतात पण कामात कृपया वापरू नका. खरी उडी १९९३ मध्ये रोस्ट आणि सँडर यांनी मारली (हो, तेच सँडर), एका सिक्वेन्सऐवजी त्याच्या सगळ्या नातेवाइकांचं, म्हणजे मिळत्याजुळत्या सिक्वेन्सचं, अलाइनमेंट (एकाखाली एक लावलेली मांडणी) न्यूरल नेटवर्कला दिलं आणि अचूकता ७० टक्क्यांच्या वर गेली. १९९९ मध्ये डेव्हिड जोन्स यांचं सायप्रेड आलं, साय-ब्लास्ट या नातेवाईक शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रोफाइल (कुठल्या जागी कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं त्याचा तक्ता) थेट नेटवर्कमध्ये, ७६ ते ७८ टक्के. आता त्याचं चौथं व्हर्जन ८४.२ टक्के सांगतं.

सायप्रेडचा सर्व्हर लंडनच्या यूसीएलमध्ये आहे, सिक्वेन्स पेस्ट करा, इमेल द्या, झालं. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती प्रत्येक रेसिड्यूखालचा ० ते ९ चा विश्वासाचा आकडा. पोरं वरचं रंगीत चित्र तेवढं स्लाइडवर चिकटवतात आणि हा आकडा कापून टाकतात, म्हणजे बिल ठेवलं आणि रक्कम फाडली. हेलिक्सच्या मध्ये ९, ९, ९ आणि टोकांना ३, २, ४ असं दिसलं तर प्रोग्रॅम स्वतःच सांगतोय की टोकाचं मला विचारू नका. घरी बसवायचं तर ब्लास्टचा प्रचंड मोठा डेटाबेस उतरवावा लागतो, होस्टेलच्या वायफायवर शक्य नाही, सर्व्हरच बरा. तुमच्या प्रोटीनला नातेवाईकच सापडत नसतील तर अचूकता खाली येते, त्यासाठी त्याच ग्रुपचं एस४प्रेड आहे, एकट्या सिक्वेन्सवर चालणारं, ७५ टक्क्यांच्या आसपास.

जेप्रेड स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाचं. त्याचं मला एक फार आवडतं, ते आधी तुमचा सिक्वेन्स पीडीबीत शोधतं आणि सापडला तर म्हणतं, अहो याचं स्ट्रक्चर आधीच आहे, अंदाज कशाला करता. इतका समजूतदारपणा माणसांत दिसत नाही. एका वेळी ८०० रेसिड्यूंची मर्यादा आहे, मोठं प्रोटीन असेल तर डोमेन (स्वतंत्र घडी पडणारे भाग) तोडून द्यावे लागतात.

ते सुरुवातीचं जुळत नसण्याचं प्रकरण आता. डीएसएसपीची आठ-नऊ अक्षरं, आणि सायप्रेड तीनच सांगतं, हेलिक्स, स्ट्रँड, कॉइल (उरलेलं सगळं). तुलना करायची तर आधी आठांची तीन करावी लागतात, आणि कशी करायची यावर एकमत नाही. बरेच जण एच, जी, आय सगळे हेलिक्समध्ये टाकतात, काही जण फक्त एच धरतात, बी ला स्ट्रँड म्हणायचं की कॉइल यावरही दोन पंथ. नुसती ही वाटणी बदलली की त्याच प्रोग्रॅमची अचूकता काही टक्के वरखाली होते, प्रोग्रॅमला हात न लावता. म्हणून "आमची पद्धत अमक्यापेक्षा दीड टक्क्याने चांगली" असा पेपर आला की मी आधी वाटणीचा परिच्छेद शोधते, तो सापडला नाही तर पुढे वाचत नाही. शिवाय अंदाज १०० टक्के कधीच जाणार नाही, कारण ज्याच्याशी तुलना करताय ते उत्तरच टोकांना सैल आहे, डीएसएसपी आणि स्ट्राइड एकाच स्ट्रक्चरवर बसून टोकांवर भांडतात तिथे बिचाऱ्या सायप्रेडने काय करावं. आणि काब्श-सँडर यांनीच १९८४ मध्ये दाखवलं होतं की तोच पाच अमिनो आम्लांचा तुकडा एका प्रोटीनमध्ये हेलिक्स आणि दुसऱ्यात स्ट्रँड असू शकतो, म्हणजे जवळचं बघून भागत नाही, लांबचे शेजारीही ठरवतात.

"अल्फाफोल्ड आल्यावर हे सगळं कशाला" असं विचारणारे असतातच. सिक्वेन्सवरून स्ट्रक्चरचं मॉडेल बनवणाऱ्या या एआय प्रोग्रॅमने २०२० च्या कॅस्प या स्ट्रक्चर ओळखायच्या स्पर्धेत मैदान मारलं, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं, २० कोटींच्या वर मॉडेल फुकट उपलब्ध आहेत, सगळं खरं. त्यामुळे सायप्रेडकडे जायची गरज कमी झाली हेही खरं. पण अल्फाफोल्ड देतं ते परत अणूंचे एक्स, वाय, झेड! हेलिक्स कुठे ते शेवटी डीएसएसपीलाच विचारावं लागतं, म्हणजे म्हाताऱ्याचं काम उलट वाढलं. फक्त एक करा, मॉडेलवर डीएसएसपी चालवण्याआधी बी-फॅक्टरच्या कॉलममधला पीएलडीडीटी, म्हणजे त्या जागेबद्दल मॉडेलला किती खात्री आहे त्याचा ० ते १०० चा आकडा, बघा. ५० च्या खालचे भाग शेवयांसारखे लोंबत असतात, डीएसएसपी त्यांना इमानदारीत रिकामी जागा देतं आणि मग कुणीतरी लिहितं "या प्रोटीनमध्ये ४० टक्के लूप". ते लूप नाहीत, तिथे मॉडेलला काही माहीतच नाही, आणि बऱ्याचदा तो भाग खऱ्या प्रोटीनमध्येही कुठल्या एका आकारात राहत नाही. असे रेसिड्यू आधी बाजूला काढा, मग टक्केवारी.

मार्क द्यायचेच तर डीएसएसपी पाचपैकी साडेचार, अर्धा फॉरमॅटसाठी कापला. स्ट्राइड चार, एमएमसिफ वाचता आलं असतं तर जास्त दिले असते. सायप्रेड साडेचार, जेप्रेड चार, एएसएसपी माहितगार माणसाच्या हातात चार आणि नवशिक्याला आत्ताच नको. पैसे यातल्या कशालाच लागत नाहीत, निदान शिकणाऱ्यांना आणि विद्यापीठातल्यांना तरी, कंपनीत असाल तर ज्याच्या त्याच्या लायसन्सची अट वाचून घ्या.

बसवायचं कसं हे सगळ्यात जास्त विचारलं जातं म्हणून सांगते, उबुंटूवर अॅप्टने डीएसएसपी नावाचंच पॅकेज एका ओळीत येतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्याच्या आत उबुंटू घ्यावा, थेट विंडोजवर बसवायच्या नादात शनिवार-रविवार घालवू नये. चौथं व्हर्जन चालवताना डिक्शनरीची फाइल सापडत नाही असा एरर आला तर घाबरू नका, प्रोग्रॅम बिघडलेला नाही, त्याच्यासोबतच्या डेटा फोल्डरचा पत्ता त्याला कळलेला नाही, तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा. आणि चाललं की पहिली फाइल क्रॅम्बिनची द्या, ७ ते १७ एच आला की सेटिंग बरोबर आहे.